शेवटच्या रिळापर्यंतचे राज्य : बार्बरा स्टॅनविक आणि वेस्टर्न

अमेरिकी अभिनेत्री बार्बरा स्टॅनविकचे नाव निघाले की बहुतेक चित्रपटप्रेमी ‘डबल इन्डेम्निटी’पाशी (१९४४) थांबतात. जिन्यावरून उतरणारी ती बाई आणि तिच्या पायातली ती साखळी यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र १९५० च्या दशकात तिने केलेल्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या काउबॉयांच्या मुलखात घडणाऱ्या, चित्रपटांचा विषय आला की ‘उतरत्या काळातली कामे’ असे म्हणून ते एका ओळीत उरकले जातात. मला हे अजिबात मान्य नाही. चाळिशी ओलांडलेल्या नटीला हॉलीवूड आईच्या आणि मावशीच्या भूमिकांकडे ढकलत होते, त्या काळात तिला जमिनीची, गुरांची आणि माणसांची मालकीण होऊ देणारा जवळजवळ एकच चित्रप्रकार होता. तो म्हणजे वेस्टर्न. मात्र हे राज्य तिच्याकडे शेवटच्या रिळापर्यंतच टिकायचे. माझी खरी तक्रार आहे ती याबद्दल.

तिचे मूळ नाव रूबी स्टीव्हन्स. जन्म १६ जुलै १९०७ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. ती चार वर्षांची असताना एका दारुड्याने धक्का दिल्यामुळे तिची आई चालत्या ट्रॅममधून पडली आणि त्यातच तिचा मृत्यू झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडील पनामा कालव्याच्या कामावर निघून गेले, ते परतलेच नाहीत. थोरली बहीण मिल्ड्रेड रंगमंचावर नाचून पोट भरत होती, त्यामुळे रूबी परक्यांच्या घरांत वाढली. त्या पोरक्या मुलीचे दैवत होते मूकपटांच्या मालिकांतली धाडसी नायिका पर्ल व्हाइट. पुढचा नृत्यपथक, ब्रॉडवेची रंगभूमी आणि हॉलीवूड असा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. १९४४ मध्ये ती अमेरिकेतली सर्वाधिक कमाई करणारी स्त्री ठरली होती आणि ऑस्करसाठी चार वेळा नामांकन मिळूनही तिला ते एकदाही मिळाले नाही, एवढे सांगून मी पुढे जातो.

तिचा पहिला महत्त्वाचा वेस्टर्न म्हणजे जॉर्ज स्टीव्हन्स दिग्दर्शित ‘अ‍ॅनी ओकली’ (१९३५). अ‍ॅनी ओकली ही खरीखुरी नेमबाज होती. फ्रँक बटलर या नामांकित नेमबाजाला तिने स्पर्धेत हरवले, पुढे त्याच्याशीच लग्न केले, आणि काही काळाने स्वतः मागे सरून बटलरने बायकोचा कारभार सांभाळला. चित्रपटात काय होते? समोरच्या देखण्या पुरुषाची नोकरी जाईल म्हणून अ‍ॅनी मुद्दाम नेम चुकवते! एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्या नवऱ्याला जी हार पचली, ती १९३५ च्या पटकथेला पचली नाही. पुढच्या सगळ्या चित्रपटांचे सूत्र मला इथेच दिसते.

अँथनी मान यांचा ‘द फ्युरीज’ (१९५०) हा माझ्या मते तिचा सर्वोत्तम वेस्टर्न. वॉल्टर ह्यूस्टन यांचा हा अखेरचा चित्रपट. ते इथे एका अवाढव्य रँचचे, म्हणजे गुरे पाळण्याच्या जमिनीचे, मालक आहेत आणि स्टॅनविक त्यांची मुलगी व्हॅन्स. रँच आपल्याच हाती येणार, अशी व्हॅन्सची खात्री असताना बाप एका प्रौढ, शहरी बाईला घरी आणतो. ती बाई गोड शब्दांत समजावू लागते की आता कारभार दुसऱ्या कुणाकडे जाईल आणि व्हॅन्सने प्रवासाला जावे. या दृश्यात स्टॅनविक काय करते ते पाहण्यासारखे आहे. चेहरा शांत ठेवून ती ऐकत राहते, हात आरशापुढच्या वस्तूंशी चाळा करत राहतात, आणि त्या बाईवर कात्री केव्हा भिरकावली गेली हे आपल्याला उशिराच कळते. पुढे बाप तिच्या जिवलग मित्राला फासावर लटकवतो, तेव्हा ती बंदूक उचलत नाही. बापाने पैशांऐवजी गावोगाव वाटलेल्या चिठ्ठ्या ती गुपचूप स्वस्तात गोळा करते आणि त्याला कंगाल करते. सूड घ्यावा तर हिशेबाच्या वहीने! आणि एवढे करून शेवटी तिची रवानगी होते ती लग्नाकडे.

सॅम्युएल फुलर यांच्या ‘फॉर्टी गन्स’मध्ये (१९५७) ती पांढऱ्या घोड्यावरून धूळ उडवत येते आणि तिच्यामागे तिचे चाळीस घोडेस्वार असतात. याच चित्रपटात रिकिबीत पाय अडकून घोड्यामागे फरफटत जाण्याचा प्रसंग आहे. तो तिने पन्नाशीच्या उंबरठ्यावर, बदली कलाकार न घेता स्वतः केला. शेवट मात्र पुन्हा तोच आहे. तिच्या भावाने तिला ढालीसारखे पुढे धरलेले असताना नायक तिच्यावरही गोळी झाडतो. फुलर यांना तिथे तिचा मृत्यू हवा होता, पण स्टुडिओने तो मान्य केला नाही. त्यामुळे बरी झालेली ही सम्राज्ञी गोळी घालणाऱ्याच्याच बग्गीमागे धावत जाते. मला विचाराल तर मृत्यू बरा होता.

‘द व्हायोलंट मेन’मध्ये (१९५५) अपंग नवऱ्याला जळत्या घरात टाकून जाणारी बाई शेवटी गोळीला बळी पडते, तर ‘द मॅव्हरिक क्वीन’मधली (१९५६) राणीही मरतेच. लग्न किंवा गोळी, तिसरा मार्ग नाही.

तो मार्ग टेलिव्हिजनने दिला. ‘फॉर्टी गन्स’नंतर १९६२ पर्यंत तिचा एकही चित्रपट आला नाही. त्या काळात तिने ‘वॅगन ट्रेन’, ‘रॉहाइड’ अशा मालिकांत पाहुणी म्हणून कामे केली, आणि १९६५ मध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीवर तिची स्वतःची मालिका ‘द बिग व्हॅली’ सुरू झाली. त्या वेळच्या लोकप्रिय ‘बोनान्झा’त तीन बायका गमावलेला बाप आणि त्याचे तीन मुलगे रँच सांभाळत होते. इथे कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनजवळची विधवा व्हिक्टोरिया बार्कली कुटुंबप्रमुख होती. नवऱ्याचा अनौरस मुलगा हीथ दारात उभा राहतो तेव्हा त्यालाही ती घरात घेते. पिकलेले केस न रंगवता, पँट घालून घोडा दौडवणारी ही बाई ११२ भाग पडद्यावर राहिली आणि १९६६ मध्ये तिला टेलिव्हिजनसाठीचा एमी पुरस्कार मिळाला. लेखकांनी तिला कधी वेड्यांच्या इस्पितळात डांबले, कधी भूकंपात ढिगाऱ्याखाली अडकवले, हे खरे. परंतु पुढच्या आठवड्यात ती पुन्हा घरची कर्ती असायची, कारण मालिकेला शेवटचे रीळच नसते.

कौतुकाच्या भरात एक गोष्ट नजरेआड करता येणार नाही. ती ज्या जमिनीची मालकीण होत होती, ती मुळात कुणाची होती, हा प्रश्न हे चित्रपट सहसा विचारत नाहीत. ‘कॅटल क्वीन ऑफ मॉन्टाना’त (१९५४) मूळनिवासींच्या प्रमुख भूमिका गोऱ्या नटांनीच केल्या आहेत. तिच्या चित्रीकरणातल्या धाडसामुळे ब्लॅकफीट या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी तिला मानाचे सदस्यत्व दिले होते, तरी त्यामुळे ती पटकथा सुधारत नाही.

ओक्लाहोमाच्या काउबॉय हॉल ऑफ फेमने १९७३ मध्ये तिचा सन्मान केला, तर ऑस्करवाल्यांना मानद पुरस्कार द्यायला १९८२ उजाडले. २० जानेवारी १९९० रोजी तिचे निधन झाले, आणि तिच्या इच्छेनुसार रक्षा विखुरली गेली ती जिथे अनेक वेस्टर्न चित्रित झाले त्या कॅलिफोर्नियातल्या लोन पाइनच्या परिसरात. ज्यांनी यांपैकी काहीच पाहिलेले नाही, त्यांनी ‘द फ्युरीज’पासून सुरुवात करावी; आणि तो पाहिल्यावर ‘उतरता काळ’ हे शब्द वापरायचेच असतील, तर ते त्या शेवटाबद्दल वापरावेत, तिच्याबद्दल नव्हे.