साडेबारा मण्यांची वाळवी

नवीन प्रजाती सापडली असं पेपरात वाचलं की लोकांना जंगल, टोपी आणि "सापडलं!" अशी आरोळी डोळ्यासमोर येते. आरोळी मीही मारली होती, पण ती ओंडक्यावर बसल्यावर मुंगी चावली म्हणून. त्याच रागात ओंडका फोडला आणि आत वाळवी निघाली. कोरड्या लाकडातली वाळवी, मातीशी संबंध नाही, वारूळ नाही, राहायचं तिथंच खायचं. सोबत सहा कडांच्या खसखशीएवढ्या गोळ्या, ढीगभर. त्या गोळ्या तळहातावर घेऊन मी कौतुकाने वास पण घेतला, मग आठवलं की ही तिची शी. असो.

सगळं कुटुंब तोंडाने नळी ओढून बाटलीत घेतलं (हो, हीच पद्धत आहे, मधे जाळी असते, आणि जाळी नीट बसवलीय की नाही हे पहिल्या झुरक्यालाच कळतं) आणि 80 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवलं. पुढची पावणेदोन वर्षं मी खुर्चीत.

कारण वाळवी ओळखायची मुख्यतः सैनिकावरून, म्हणजे वसाहतीची राखण करणाऱ्यावरून. बाकीचे सगळे पांढुरके, मऊ, भिजलेल्या तांदळासारखे, एक झाकावा दुसरा काढावा. त्यात या कोरड्या लाकडाच्या घराण्यात खरे कामकरी नसतातच, मोठी होऊ घातलेली पिल्लंच घरकाम करतात. सैनिक मात्र बघत राहावा असा. क्रिप्टोटर्मिस म्हणतात त्या जातकुळीतला. डोकं काळं, खडबडीत, समोरून रंधा मारल्यासारखं. बोगद्यात शत्रू शिरायला लागला की हा डोकं भोकात घालून उभा राहतो. बूच! आपल्याला शाळेपासून जो तो सांगतो जरा डोकं लाव, याने खरंच लावलेलं असतं.

माझ्या बाटलीत पिल्लं तीनशेच्या वर आणि सैनिक एक. त्याची उजवी अँटेना तुटलेली.

वाळवीची अँटेना मण्यांच्या माळेसारखी असते आणि मणी किती हे वर्णनात लिहावं लागतं. डावीकडचे मोजले, 13. परत मोजले, 12. तिसरा आणि चौथा चिकटलेत की मधली रेघ म्हणजे केसाची सावली, काही केल्या कळेना, दिवा इकडून मारला, तिकडून मारला, सकाळी 13 आणि दुपारी झोप आली की 12. माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "नक्की आकडा सांग." मी म्हटलं साडेबारा. त्या हसल्या नाहीत. त्यानंतर डोक्याची रुंदी, लांबी, जबडा, मानेमागची पाटी, सगळं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायचं, आणि सांगते बाई, शिंक आली की सैनिक बशीभर फिरतो.

मग तो आधी कुणी वर्णन केलेला नाही ना, हे बघायचं. नवीन आहे हे सिद्ध करणं म्हणजे जुन्यातला नाही हे सिद्ध करणं. प्राण्यांच्या नावांचा हिशोब लिनियस या शास्त्रज्ञाच्या 'सिस्टिमा नॅचुरे' पुस्तकाच्या 1758 च्या आवृत्तीपासून सुरू होतो, आणि तेव्हापासून कुणी कुठे काय लिहून ठेवलं असेल ते सगळं आपल्या मानगुटीवर, कारण आधीचं नाव ते खरं नाव. कुमार कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली जगभरच्या वाळव्यांचा ग्रंथ काढला, 7 खंड, 2704 पानं, जिवंत आणि जीवाश्म मिळून 3106 प्रजाती. त्यांच्या पाया पडायला हवं. पण ते सांगतात कुठे बघायचं, बघायचं आपल्यालाच. आणि बघायला गेलं तर जुनी वर्णनं चार ओळींची, "डोकं काळपट, शरीर फिकट". अहो, सगळ्यांचंच असं असतं.

त्यात एक जास्तीची धास्ती. क्रिप्टोटर्मिस ब्रेव्हिस नावाची वाळवी, 1853 मध्ये वर्णन झालेली, मूळची पेरू-चिलीच्या किनाऱ्याकडची, फर्निचर आणि जहाजांतून अर्ध्या जगात पोचलीय. तेव्हा माझी ही नवीन का कुणाच्या कपाटातून आलेली पाहुणी, हे आधी ठरवा. डीएनए केला. जगभरचे डीएनए साठवलेल्या यादीत सगळ्यात जवळचा नातेवाईक निघाला "क्रिप्टोटर्मिस, प्रजाती माहीत नाही". म्हणजे माझ्यासारखंच कुणीतरी आधी थकून उठून गेलेलं.

या सगळ्यात मावशीचा फोन.

"काय गं, मिळालं का औषध?"

"मावशी, मी मारत नाहीये, नाव ठेवतेय."

"नावं तर आम्हीही ठेवतो वाळवीला."

एकदा मी तिला उत्साहाने सांगितलं की 2007 मध्ये ठरलंय, वाळव्या म्हणजे खरं तर झुरळांचीच एक शाखा. त्या दिवसापासून नातेवाइकांत मी झुरळांवर पीएचडी करते.

नावाचाही घोळच. स्वतःचं नाव द्यायला नियमाची बंदी नाही, पण देणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते माहितीय. मावशी म्हणाली, माझं दे. मग लगेच म्हणाली, नको, लाकूड पोखरणारी म्हणून चिडवतील. तिकडे दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामध्ये सापडलेल्या एका वाळवीच्या सैनिकाचं डोकं थेट स्पर्म व्हेलसारखं निघालं, तर 2025 मध्ये तिला एका कादंबरीतल्या व्हेलचं नाव देऊन मोकळे झाले. माझा सैनिक कशासारखा दिसतो? बुचासारखा. लॅटिनमध्ये बूच शोधा, मग क्रिप्टोटर्मिस पुल्लिंगी म्हणून बुचाचं लिंग जुळवा.

शेवटी शोधनिबंध छापायला पाठवला. चार महिन्यांनी परीक्षकाचं उत्तर आलं. भाषा सभ्य होती. एका सैनिकावर प्रजाती उभी करणं धाडसाचं वाटतं, दुसऱ्या वसाहतीतले नमुने मिळाले तर बरं, आणि अँटेनाचे मणी कृपया पुन्हा मोजावेत.

गेले परत जंगलात. तोच ओंडका, अर्धा फोडलेला, आणि आत मुंग्या! अंडी-पिल्लांसकट थाटात. वाळवीने वर्षानुवर्षं पोखरून खोल्या काढायच्या आणि राहायला मुंग्या. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तोही बहुतेक वाळवीच्याच वारुळात शिरलेला असतो, पण म्हणीत वाळवीचं नाव कुणी घातलं नाही.

तीन दिवस लाकडं फोडली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, उभ्या वाळलेल्या एका झाडात, सहा कडांच्या गोळ्या दिसल्या. आत वाळवी, आणि सैनिक अकरा. अकराही जणांच्या दोन्ही अँटेना शाबूत. मी तिथेच बसकण मारली, आधी मुंग्या नाहीत ना बघून, आणि रेंज आल्या आल्या मावशीला फोन लावला.

"मावशी, अकरा मिळाले!"

"अरे देवा," मावशी म्हणाली, "वाढल्या?"

रात्री तंबूत टॉर्च आणि भिंग घेऊन पहिल्याचे मणी मोजले. डावीकडे 13. उजवीकडे 12.