भेटायचं ठरवत बसू नका, ढोल ताणायला या

पंचविशीनंतर नवे मित्र होत नाहीत, असं माझ्या वयाचं प्रत्येक माणूस हल्ली सांगतं. कॉलेजचे तेवढे खरे, ऑफिसचे डब्यापुरते. मला हे अजिबात पटत नाही. मित्र होतात. फक्त त्यांना भेटण्यासाठी दर वेळी नव्याने ठरवावं लागलं, तर होत नाहीत. नोकरीसाठी पुण्यात आलेल्या कोणाचंही व्हॉट्सॲप उघडून बघा. 'अगं भेटू या ना एकदा', 'हो हो, या वीकेंडला नक्की', आणि त्याच्या खाली थेट दिवाळीच्या शुभेच्छा. कोणी कोणाला टाळत नसतं. हिंजवडीहून कर्वेनगरला पोचेपर्यंत जीव अर्धा झालेला असतो, एवढंच.

मी परभणीची. पुण्यात आले तेव्हा माझी माणसं म्हणजे एक रूममेट आणि एक चुलतभाऊ, तोही चाकणला. रूममेटने गणेशोत्सवात वाजवणाऱ्या एका ढोल-ताशा पथकात नाव घातलं होतं, तिच्या मागोमाग मीही गेले. धर्म, परंपरा वगैरे काही डोक्यात नव्हतं. संध्याकाळी खोलीवर एकटीने बसायचं नव्हतं, बस्स.

मुठा नदीच्या पात्रात पावसाळ्यात संध्याकाळी पथकांच्या सरावाचा जो दणदणाट चालतो, तो बाहेरून ऐकणाऱ्याला एकच मोठा आवाज वाटतो. आत उभं राहिलं की कळतं, सगळ्यांचे कान ताशाकडे असतात. ताशावाल्याने हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलला की मागच्या सगळ्या ढोलांनी बदलायचा. चुकलात तर शेजारचा बघून हसतो आणि पुढच्या आवर्तनाला तुम्हाला डोळ्याने खूण करतो. ओळख झाली! नाव नंतर कळतं. बोलायची सोयच नसते तिथे, आणि माझ्यासारख्या मुखदुर्बळ माणसासाठी हे वरदान आहे. चार जणांत बसून 'आणि मग, बाकी काय' करत राहण्याची मला धास्ती वाटते. ढोल कमरेला बांधला की ती जबाबदारीच संपते. उजव्या हातात टिपरू म्हणजे वाजवायची काठी, डाव्या हाताने थाप, आणि समोरचा काय करतोय यावर लक्ष.

पण खरी मैत्री वाजवताना होत नाही. ती ढोल ताणताना होते. पावसाळी हवेत दोर सैल पडतात, आवाज बसतो. मग सराव सुरू व्हायच्या आधी एकाने ढोलाला पाय रोवून दोर ओढायचा आणि ओढलेला दोर दुसऱ्याने सुटू न देता धरून ठेवायचा. एकट्याने होत नाही हे काम. हात सोलवटतात. बोटांना चिकटपट्टी गुंडाळताना दुसऱ्याच्या दाताने पट्टी तोडून घ्यावी लागते, कारण आपल्या दोन्ही हातांची वाट लागलेली असते. अशा वेळी माणूस सहज बोलतो. कोणाच्या आईचं ऑपरेशन, कोणाचं मोडलेलं लग्न, कोणाची सुटलेली नोकरी, हे सगळं मला ढोलाच्या अलीकडे-पलीकडे बसून कळलेलं आहे, कॅफेत समोरासमोर बसून नाही. आम्हाला ताशा शिकवणारा मुलगा माझ्याहून चार वर्षांनी लहान, त्यालाही सगळे 'दादा'च म्हणतात. मीही म्हणते.

यावर थोडा अभ्यासही झालाय. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली हिशेब मांडला होता, की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, मित्र म्हणावं असं माणूस व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. आता पथकाचं गणित करा. रोज दोन-अडीच तास, आठवड्याचे पाच-सहा दिवस, जवळजवळ दोन महिने. शंभरीच्या आसपास जातं. महिन्यातून एकदा कॉफी प्यायची म्हटली तर तेवढे तास भरायला किती वर्षं लागतील, ते तुम्हीच काढा.

मग हे संगीतामुळे होतं की नुसत्या रोजच्या हजेरीमुळे? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी (मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार त्यांच्यातलेच) २०१५ साली याबद्दल एक छान गोष्ट छापली. प्रौढांसाठीचे गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे वर्ग त्यांनी सात महिने पाहिले. गाणाऱ्यांची गट्टी सगळ्यांत लवकर जमली. सात महिने संपेपर्यंत मात्र बाकीचे वर्गही तितकेच जवळ आले होते. म्हणजे सूर-ताल सुरुवातीचा अवघडलेपणा झटकन घालवतात. पुढचं काम पुन्हा पुन्हा भेटण्याचं. म्हणून मला 'संगीत माणसं जोडतं' हे वाक्य अर्धवट वाटतं. हेडफोन लावून बसणारा माणूस दिवसभर संगीतच ऐकत असतो की.

आता जे लिहिणार आहे ते पथकातल्या बऱ्याच जणांना आवडणार नाही. २०२४ च्या गणेशोत्सवाआधी हरित लवादाने पुण्यात एका पथकात ३० च माणसं असावीत असा आदेश दिला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये त्याला स्थगिती दिली. आमच्याकडे पेढे वाटायचे बाकी होते. मला मात्र तो ३० चा आकडा मनापासून आवडला होता. आवाजाचं कारण आहेच. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५, तिच्या जवळपासही आपण नसतो. पात्राच्या कडेला राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी तक्रार केली की 'यांना संस्कृती नको' म्हणायचं, हे मला जमत नाही. पण माझं दुसरं कारण जास्त स्वार्थी आहे. तीस माणसांत सगळ्यांची नावं माहीत असतात. एखादा दोन दिवस आला नाही तर कोणीतरी फोन करतं. दोनशेच्या पथकात तुम्ही आठवडाभर गायब झालात तरी कोणाला पत्ता लागत नाही. तिथे पुन्हा तेच ऑफिस, फक्त झब्बा पांढरा. लक्ष्मी रोडवर दोनशे ढोल एकदम वाजले की अंगावर काटा येतो, कबूल आहे. काटा दहा मिनिटांत बसतो.

शिवाय पथकांत काही सगळं गोडच नसतं. पहिल्या रांगेत कोण उभं राहणार यावरून रुसवे, रीलमध्ये कोण दिसलं यावरून टोमणे, आणि दर दोन-तीन वर्षांनी एक गट फुटून नवं पथक काढतो. अनंत चतुर्दशीनंतर निम्मा ग्रुप गप्प होतो. त्याचं मला वाईट वाटत नाही. ढोल पुसून, दोर सोडून, गोदामात लावायला जे सात-आठ जण येतात, ते वर्षभर राहतात.

ढोलच हवा असं नाही. गुडघे दुखत असतील, कान नाजूक असतील तर सोसायटीचं भजनी मंडळ बघा. बहुतेक ठिकाणी टाळ धरायला तरुण माणूस मिळत नाही म्हणून काकू लोक हवालदिल असतात आणि फराळ उत्तम असतो. वार आणि वेळ ठरलेली असावी, आणि तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं तरी काम अडावं, एवढं बघून घ्या.

पथकातच यायचं असेल तर साधारण जूनमध्ये चौकशी सुरू करा. 'तुमच्यात किती जण?' हे आधी विचारा आणि आकडा ऐकून हुरळून जाऊ नका. इअरप्लग घ्या, लोक हसले तरी घाला. पहिले काही दिवस ढोल हातात मिळणार नाही, मांडीवर थापा मारत बसावं लागेल, त्याला तयार राहा. आणि डबा आणणार असाल तर दोन पोळ्या जास्त आणा. ताशावाले कायम उपाशी असतात.