शेंगा खाऊन वाढलेल्यांचा अभिमान आणि माझी लेक

पुण्यातल्या एका शाळेने पालकांना पत्र पाठवलं: दुसरीच्या एका वर्गातल्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे, त्या वर्गाच्या डब्यात दाण्याचे पदार्थ देऊ नका. वहिनीने ते पत्र आणि त्यावरून पालकांच्या ग्रुपवर उठलेला गदारोळ मला इथे मेलबर्नला पाठवला. "एका पोरासाठी चाळीस पोरांनी साबुदाण्याची खिचडी सोडायची का?" "ही परदेशातली फॅडं." "आम्ही पोत्याने शेंगा खाल्ल्या, कुणाला काही झालं नाही." हे शेवटचं वाक्य तर कितीतरी जणांनी आपापल्या शब्दांत लिहिलंय. वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

माझ्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. ती इथे जन्मली. तिचा मोठा भाऊ नाशिकला जन्मला आणि चालता-बोलता झाल्यावर आमच्याबरोबर आला. त्याला कशाचीच ॲलर्जी नाही.

शेंगा खाऊन वाढलेल्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधीच सांगते. किंग्ज कॉलेज लंडनच्या गिडियन लॅक आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट आहे. इस्रायलमधली बाळं दात येण्याच्या वयापासून 'बांबा' हे शेंगदाण्याचे कुरकुरे चघळतात. ब्रिटनमध्ये मात्र तेव्हा ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना शेंगदाण्यापासून लांब ठेवा असा सरकारी सल्ला होता. मग त्यांनी तीव्र एक्झिमा (त्वचेवर खाजरे चट्टे उठण्याचा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत दिला नाही. शेंगदाण्यासाठी केलेली त्वचेची चाचणी सुरुवातीला निगेटिव्ह आलेल्या बाळांपैकी न खाणाऱ्यांत १३.७ टक्के मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत १.९ टक्के. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगभरचे सल्ले उलटे फिरले. इथे ऑस्ट्रेलियातही २०१६ पासून वर्षाच्या आत शेंगदाणा सुरू करा असंच सांगतात. वरणभाताबरोबर बाळाच्या तोंडात दाण्याच्या कुटाचं बोट घालणाऱ्या आमच्या आज्या बरोबरच होत्या.

पण त्याच अभ्यासात एक गोष्ट आहे. चाचणीत ज्यांच्या त्वचेवर मोठी गांध उठली, त्या बाळांना त्यात घेतलंच नव्हतं. लवकर खाऊ घालण्याने ॲलर्जी टळू शकते. ज्याला ती झालेलीच आहे त्याला "खाऊन खाऊन सवय होईल" म्हणत घरी घास भरवणं जिवावर बेतू शकतं. थोड्या थोड्या मात्रेने सहनशक्ती वाढवण्याचे उपचार आहेत, इथल्या मुलांच्या सरकारी रुग्णालयांत २०२४ पासून वर्षाच्या आतल्या बाळांसाठी ते सुरूही झालेत, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माझी लेक तेव्हा त्या वयाची राहिली नव्हती.

भारतात हा आजार कमी आहे, हेही खरं. युरोपीय संशोधकांच्या साथीने बंगळुरूच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली, त्यात अन्नाची ॲलर्जी असण्याची शक्यता ०.१४ टक्के मुलांत दिसली, हाँगकाँगमध्ये १.५. म्हणजे बंगळुरूत दहा हजारांत चौदा. पुण्यासारख्या शहरात मुलं किती आहेत याचा हिशेब ज्याने त्याने करावा. "कुणाला काही झालं नाही" म्हणणाऱ्यांच्या लहानपणी एखादं पोर पंगतीतून उठून ओकत बाहेर गेलं, अंगावर पित्त उठलं, श्वास लागला, तर त्याला आपण काय म्हणायचो? "त्याला सोसत नाही." पुढे त्याचं काय झालं हे कुणी विचारायचं नाही.

इथे विचारतात, आणि तेवढ्यासाठी मी या देशाची ऋणी आहे. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, ॲनाफिलॅक्सिसचा (ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्याचा) धोका असलेलं मूल शाळेत असेल तर त्याचा ॲक्शन प्लॅन, म्हणजे झटका आला तर काय करायचं याचा लेखी कागद, असावाच लागतो, शिक्षकांना वर्षातून दोनदा उजळणी करावी लागते. लेकीच्या किंडरमधल्या (बालवाडीतल्या) बाईंनी पहिल्याच दिवशी ॲड्रेनालिनच्या इंजेक्शनचं सरावाचं पेन हातात घेऊन मला करून दाखवलं: निळं टोक आकाशाकडे, नारिंगी मांडीकडे, कट्ट आवाज येईपर्यंत दाबायचं, तीन सेकंद धरायचं. कपड्यांवरूनही चालतं. सगळा वेळ त्यांनी लेकीला आडवं झोपवून ठेवलं होतं, कारण खऱ्या झटक्याच्या वेळी उभं राहिलं तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. चाळीस पोरांची खिचडी मोजणाऱ्यांनी एकदा हे पाहावं.

डब्यांवर सरसकट बंदी घाला असं इथले तज्ज्ञही सांगत नाहीत. बंदीने सगळे निर्धास्त होतात आणि लक्ष उडतं, असं त्यांचं म्हणणं. त्यापेक्षा डबे वाटून खाऊ नका, हात धुवा, पेन जवळ ठेवा. तेव्हा त्या शाळेच्या पत्रावर वाद घालायला जागा होती. पण ग्रुपवर तो वाद कुणी घातलाच नाही. तिथे त्या मुलाच्या आईला तोंड लपवायला लावलं.

मला हे इतकं का लागतं, तेही लिहिते. इथल्या संशोधकांनी २०१६ मध्ये व्हिक्टोरियाच्या शाळेत दाखल होणाऱ्या सुमारे ५७ हजार मुलांची माहिती छापली. आशियाई आईबापांची जी मुलं ऑस्ट्रेलियात जन्मली, त्यांच्यात शेंगदाणे, काजू-बदाम अशा नट्सची ॲलर्जी जास्त. जी आशियात जन्मून नंतर आली, त्यांच्यात कमी. माझ्याच घरातली दोन मुलं. कारण ऊन, जंतू, आहार की आणखी काही, याचा शोध अजून चालूच आहे. पण तो तक्ता पाहिल्यावर मी खूप रडले. आम्ही इथे आलो ते मुलांचं भलं व्हावं म्हणून. आणि गावी कुणी "तिकडचं पाणी लागलं पोरीला" म्हणालं की मी तावातावाने भांडते, कारण आतून मलाही तसंच वाटतं.

आमच्या घरी कूट म्हणजे मीठ. काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, उपासाच्या आमटीत, सगळीकडे. आता तर तिकडे सगळ्यांनी लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल सुरू केलंय. रिफाइंड तेलात प्रथिनं जवळजवळ उरत नाहीत, घाण्याच्या तेलात राहतात. म्हणजे आजीच्या हातचं लेकीला जे थोडंफार चालायचं, तेही गेलं. संक्रांतीच्या लाडवातही दाणे असतातच. तिला आजोळ कळायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर इथला कुठलाही डॉक्टर देत नाही.

डिसेंबरात आम्ही नाशिकला येतोय. दोन पेनं बरोबर असतील, कारण तिकडच्या औषधांच्या दुकानात ती सहज मिळत नाहीत. काल वहिनीने फोनवर विचारलं, "ताई, पेनं संपली तर काय करू?" तिला लिहून पाठवलंय: आडवं झोपवायचं, चालवायचं नाही. श्वास फारच लागत असेल तर पाय लांब करून बसवायचं. १०८ ला फोन करायचा आणि "ॲड्रेनालिन द्या" असं स्पष्ट सांगायचं. ते इंजेक्शन स्वस्त आहे आणि दवाखान्यांत असतं. सेट्रिझिनसारखी ॲलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. तिने तो कागद फ्रिजवर लावलाय आणि शाळेच्या ग्रुपवरही टाकलाय, स्वतःच्या नावाने.