आजारी माणसाकडनं काय घ्यायचं?

दहा-वीस रुपयांचं एक फडकं मला परवा फुकट मिळालं, त्याचा राग अजून डोक्यातनं जात नाही. कोल्हापुरात फुकट काही मिळालं तर माणूस चार जणांना कौतुकानं सांगतो. मी तक्रार म्हणून सांगतोय.

मी सध्या कच्चं आणि फक्त झाडाचं खातो. म्हणजे गॅसवर काही चढवायचं नाही, साधारण ४८ अंशांच्या वर काही तापवायचं नाही, आणि दूध, दही, तूप, मध यांतलं काही तोंडात घालायचं नाही. का, ते विचारू नका. रक्ताचा रिपोर्ट, पुण्याची मेहुणी आणि माझा हट्ट यांच्यात श्रेय सारखं वाटून टाका. पाव्हणा आला की ज्या गावात पिशवी आधी मटणाच्या दुकानाकडं निघते, त्या गावात हा नेम धरलाय, एवढं माहीत असलं की पुरे.

मेहुणीनं यादी धाडली होती. भाजीच्या शेवया पाडायचं यंत्र, बदामाचं दूध गाळायची पिशवी, तगड्या मोटरचा मिक्सर, भाज्या वाळवायचं मशीन. ती घेऊन मी महाद्वार रोडच्या बाजूला एका भांड्यांच्या दुकानात गेलो. शेवयांचं यंत्र म्हटल्यावर दुकानदारानं अर्थातच सोऱ्या काढून ठेवला. पितळी, चांगला वजनदार, पाच चकत्यांसकट.

"ह्यात पीठ जातं हो," मी म्हणालो. "मला काकडी घालायचीय."

दुकानात एकदम शांतता पसरली. पातेली वाजवून बघणाऱ्या एक ताई वाजवायच्या थांबल्या. आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला, "कशापाय?"

हे वस्ताद. नाव ठाऊक नाही, दुकानदार त्यांना वस्ताद म्हणत होता. सत्तरी ओलांडलेली, कान मोडून पार गोळा झालेले, मान अशी की शर्टाचं वरचं बटण तरुणपणापासून लागलेलं नसणार. कुकरची रिंग बदलायला आले होते. कुकर जुना होता आणि पोऱ्या रिंग शोधायला माळ्यावर चढला होता, म्हणजे वस्तादांना वेळच वेळ होता.

मी सांगितलं, काकडीच्या शेवया करून खायच्या आहेत. कच्च्या.

"आनि भाकरी?"

"भाकरी नाही."

"भात?"

"नाही. शिजवलेलं काहीच खात नाही."

"मग दूध प्या की! गंगावेशीला जावा. समोर म्हस उभी आसती, समोर धार काढत्यात, फेसासकट गिलास हातात. त्याला कुठं आग लागलीया? त्याच्यापरास कच्चं काय आसतंय?"

तर्क बिनतोड होता, हे मान्य करायलाच हवं. मी म्हणालो, प्राण्याचंही काही घेत नाही.

"म्हस काय खाती?"

"वैरण."

"मग वैरणीचंच दूध की त्ये!" त्यांनी ताईंकडं बघितलं. ताईंनी मान हलवली. एक मत गेलं.

"बरं, मटन सोडलंयसा म्हना. ऱ्हाऊंदे. पांढरा रस्सा तर चालतोय न्हवं? त्यात नारळाचं दूध आसतंय. झाडाचं."

"त्यात मटणाचं पाणीही असतं, वस्ताद."

"मटन खाऊ नका की, कोन खावा म्हंतंय! नुसता पांढरा प्यायचा."

इथं मी गप्प बसायला हवं होतं, असं तुम्हाला वाटत असेल. पण गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात एकट्या माणसानं गप्प का बसावं? मी सांगितलं की प्राण्याचं काहीच नको हा विचार काही माझ्या डोक्यातनं निघालेला नाही. १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या गृहस्थांनी त्याची संस्था काढली.

"डॉक्टर हुता व्हय?"

"नाही. शाळेत सुतारकाम शिकवायचे."

वस्तादांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे सुतारमास्तरचं ऐकून तुमी दूध सोडलंयसा."

"पंचाण्णव वर्षं जगले ते!"

"आमचा आज्जा शंभर जगला. रोजचं शेरभर दूध."

मग मी शेवटचा डाव टाकला, गांधीजी. १९२९ साली आश्रमात त्यांनी कच्च्या अन्नाचा प्रयोग केला होता, गहू-हरभरे भिजवून तसेच खायचे, आणि त्यावर लेखही लिहिले होते. पुढं त्यांना आमांशाचा त्रास झाला आणि प्रयोग थांबवावा लागला, हा भाग मी गाळला. गाळून उपयोग झाला नाही.

"त्ये शेळीचं दूध पीत हुते की," वस्ताद म्हणाले. "आमी शाळंत शिकलोय."

आता ते उठले. उठून माझ्याजवळ आले आणि काही न विचारता त्यांनी माझा दंड धरला. दोन बोटं आणि अंगठा. बाजारात कोंबडी चाचपतात तसा चाचपला, आणि दुकानाला निकाल सांगितला, "काय न्हाई उरल्यालं ह्यात." मला बोलायचं होतं की माझा दंड आधीपासूनच असा आहे, चाळीस वर्षं वरण-भात-तूप खाऊनही तो असाच होता. पण हे ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. ताई पुढं झाल्या होत्या. "भाऊ, चक्कर बिक्कर येती का?"

"नाही हो. तब्येत उत्तम आहे. एक बी-ट्वेल्व्हची गोळी तेवढी घेतो, ते झाडपाल्यातनं मिळत नाही म्हणून."

"गोळी चालू हाय!" वस्ताद दुकानदाराकडं वळले. आवाजातला चेष्टेचा सूर गेला होता आणि दवाखान्यात भेटायला आलेल्या माणसाचा हळवेपणा आला होता. तो जास्त लागला. "आरं, ह्यास्नी पिशवी कशाला इकतोयस? फडकं दे एक मलमलीचं. हे बगा पावणं, बदाम रात्री भिजू घालायचं. सकाळी साल काढायची. कुंडीत घालून घोटायचं, निवांत, त्याला तेल सुटूस्तवर. वाईच पानी घालायचं आनि फडक्यातनं गच्च पिळायचं. तालमीत आमी जन्मभर ह्येच केलंय. खासबागंत कुस्तीला उतरायच्या आधी ह्येच पिऊन जायचो."

आणि खरं सांगतो, मी चाट पडलो. मेहुणीनं पाठवलेल्या व्हिडिओत एक परदेशी बाई लाकडी ओट्यापुढं उभी राहून अगदी हेच सांगते, फक्त कुंडीच्या जागी हजारो रुपयांचा मिक्सर आणि तालमीच्या जागी पियानो. मिक्सर फार वेळ फिरवला की आतलं दूध गरम होतं, ही तिला सतावणारी अडचण. दगडी कुंडीत ती मुळात नाहीच. एवढं ज्ञान आपल्या गल्लीत मोडक्या कानांचा माणूस घेऊन बसलाय आणि आपण यादी घेऊन फिरतोय! मी भारावून वस्तादांचा हात हातात घेणार, इतक्यात ते म्हणाले, "आनि मग त्यात आच्छेर म्हशीचं दूध घालायचं."

मी खिशात हात घातला. दुकानदारानं फडक्याची घडी कागदात गुंडाळून माझ्यापुढं सरकवली आणि हातानंच नको म्हणाला. "ऱ्हाऊ द्या वो. आजारी माणसाकडनं काय घ्यायचं?"

हाच तो दुकानदार, जो आमच्या आईला स्टीलच्या डब्यावर पाच रुपये कमी करताना मुलगी सासरी धाडल्यासारखा चेहरा करायचा.

मला राग कशाचा येतो सांगू? याच गावात जेवताना बुक्कीनं कांदा फोडून कच्चा खातात. हिरवी मिरची दातानं तोडतात, मुळा पाल्यासकट चावतात, ओल्या हरभऱ्याचे घाटे रस्त्यानं सोलत जातात, ऊस तर दारात आहे. त्यांना कुणी चक्कर येते का म्हणून विचारत नाही. माळकऱ्यानं मटण नाकारलं की बाजूला वेगळं पान वाढतात, आदरानं. एकादशी, श्रावण, गुरुवार, सगळ्याला मुभा. डॉक्टरनं सांगितलं म्हटलं तरी चालतं. मी जर "देवाचं आहे" म्हणालो असतो, तर वस्तादांनी दंड सोडून पाया पडायचं बाकी ठेवलं असतं. पण देव नाही, डॉक्टर नाही, माणसाला नुसतं वाटलं म्हणून त्यानं ताटातलं काही कमी केलं, हे कुणाच्या डोक्यात शिरत नाही. असा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर घरातनं हाकललेला.

दुसरं निदान कपिलतीर्थ मंडईत झालं. कोवळा पालक निवडून घेत होतो. कच्चाच खाणार म्हटल्यावर मावशींनी कनवाळू नजरेनं विचारलं, "वैनी म्हायेरला गेल्यात व्हय?" झुकिनी मागितल्यावर त्यांनी दुधी दाखवला, मग दोडका, मग शेजारणीकडं बघून तोंडाला पदर लावला. कसलेही प्रश्न न विचारणारा एकच विक्रेता मला गावात भेटला, तो शहाळेवाला. त्याची गाडी दवाखान्याच्या दारात असते.

काजूची वेगळीच गंमत. लक्ष्मीपुरीत सुक्या मेव्याच्या दुकानात "कच्चे काजू" मागितले की खारवलेले सोडून पांढरे काजू पुढं करतात. आता आजरा-चंदगड आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या काजूच्या कारखान्यात कुणी ओळखीचं असेल तर विचारा. काजूच्या टरफलात असं तेल असतं की हाताची कातडी भाजून निघते, म्हणून बी आधी वाफवतात किंवा भाजतात, मगच फोडतात. म्हणजे पांढराशुभ्र दिसणारा तो काजू एकदा आगीतून जाऊन आलेलाच असतो. हे मी काउंटरवर समजावून सांगितलं. मालक म्हणाला, "मग शेंगदाणं न्या." पुण्याच्या मेहुणीचं काजूचं चीज तिथंच संपलं. शेंगदाण्याचं चीज करून बघितलं, ते लसूण घातल्यावर ओल्या चटणीसारखं लागतं. चांगलं लागतं, पण चटणीसारखंच.

राहिलं वाळवायचं मशीन. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, गच्ची आहे की, सांडगे-कुरडया काय मशीनमध्ये वाळवतो आपण? ठीक. पण हे बोलणं झालं जुलैत. जुलैत कोल्हापुरात टॉवेल वाळत नाही. अख्खं गाव पंचगंगेच्या पाण्यासाठी राजाराम बंधाऱ्याकडं डोळे लावून असतं, ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका, आणि मी गच्चीवर टोमॅटोच्या चकत्या झाकायला धावतोय. रस्ते पाण्याखाली गेले की भाजीच्या गाड्या अडकतात, मंडईत उरतो तो चिखल लागलेला पाला आणि भाव मात्र केशराचा.

आणि त्या चिखलापाशी आलं की माझा विनोद आटतो. शिजवून खाणाऱ्याचं बरं असतं, तो पालेभाजी दोनदा धुतो आणि उरलेलं फोडणीवर सोडतो. मी काय करू? पंचगंगेत काय काय सोडलं जातं हे वर्षानुवर्षं पेपरात छापून येतंय, मेलेल्या माशांच्या फोटोसकट. तेच पाणी नदीकाठच्या मळ्यांना. वर फवारणी. मी एकेक पान मिठाच्या पाण्यात बुडवतो, नळाखाली धरतो, पुन्हा बुडवतो. कोथिंबिरीच्या एका जुडीला एवढं पाणी लागतं की तेवढ्यात म्हैस धुऊन होईल. ज्यानं निर्मळ खायचं म्हणून आगच सोडली, त्यानंच दिवसभर विष धूत बसायचं. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या दुकानातली प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली परदेशी भाजी. तिथला आवोकाडो मी आणला. तो दगडासारखा होता, तसाच राहिला, आणि मग एका रात्रीत मला न सांगता काळा पडला. त्या पैशात हापूसची अर्धी पेटी तरी नक्की आली असती.

शेवयांचं यंत्र शेवटी मिळालं. शिवाजी मार्केटच्या बाजूला एका दुकानदारानं ऐकल्याबरोबर हात वर केला, "आसं सांगा की! स्प्रिंगचं मशीन." लोखंडी, हातानं फिरवायचं, पुढं सुई, मागं दांडा. रंकाळ्यावर काडीला लावून बटाट्याची लांबलचक स्प्रिंग तळून देतात ना, तेच. पिशवीत काकडी होतीच, तिथंच लावून बघितली. अशी झकास वेटोळी पडली की परदेशी बाईनं पियानो सोडून बघावं. मी खूश. पैसे मोजत होतो तेवढ्यात शेजारी पातं बदलायला आलेला एक पोरगा मला आपादमस्तक न्याहाळत होता.

"नवीन टाकतायसा काय?" त्यानं विचारलं.

"काय?"

"गाडी वो. काकडीची आयडिया भारी हाय, काकडी कोन तळत न्हाई." मग आवाज थोडा खाली आणून, पण स्पष्ट, "कळंब्याला लावा. तिथं जागा मोकळी हाय. रंकाळ्यावर येऊ नगासा, तिथं आमी हाय."