अमेरिकेत म्हणे फुकट काही मिळत नाही

निवडणुका जवळ आल्या की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. वर तिरंगा असतो, खाली लिहिणाऱ्याचं नाव नसतं. म्हणणं असं: अमेरिकेत सरकार कुणालाही फुकट काही देत नाही. तिथं आरक्षण नाही, फक्त मेरिट. शेतकऱ्याला अनुदान नाही, कर्जमाफी नाही. बुडणारा बुडतो, सरकार वाचवायला धावत नाही. म्हणून अमेरिका पुढे गेली आणि म्हणूनच आपली हुशार पोरं तिकडे गेली. पटलं तर पुढे पाठवा.

ज्यांना लाडकी बहीण योजना झोंबते त्यांना हे फारच पटतं. मी न्यू जर्सीत राहतो, टॅक्सही इथेच भरतो. मला यातलं एकही वाक्य धड पटलेलं नाही.

आधी 'फुकट काही नाही' हे घेऊ. १८६२ च्या मे महिन्यात लिंकननं होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर जमीन, फी सगळी मिळून १८ डॉलर. अट एवढीच की पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं आणि जमीन कसायची. या कायद्याखाली सरकारनं सुमारे २७ कोटी एकर वाटले. आपले साडेतीन महाराष्ट्र त्यात बसतील. ही जमीन मुळात सरकारची तरी कुठे होती? तिथल्या आदिवासींना हुसकावून ती 'मोकळी' केलेली होती. बरं, वाटप सगळ्यांना सारखं झालं म्हणावं, तर तेही नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकर देण्याचा आदेश जनरल शर्मननं १८६५ च्या जानेवारीत काढला. लिंकनचा खून झाला, अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी त्या जमिनी जुन्या मळेवाल्यांना परत मिळाल्या.

त्याच १८६२ च्या जुलैत आणखी एक कायदा झाला. केंद्रानं राज्यांना जमीन द्यायची, राज्यांनी ती विकून शेतकी आणि यंत्रविद्येची कॉलेजं काढायची. पर्ड्यू, टेक्सास ए अँड एम, ओहायो स्टेट ही त्यातलीच. पुण्या-नाशिकची पोरं एमएस करायला जिथं जातात त्या विद्यापीठांची यादी काढा, त्यातली कितीतरी या फुकटच्या जमिनीवर वाढलेली निघतील.

पुढे १९४४ चं जीआय बिल. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना कॉलेजची फी, घरखर्चाला पैसे आणि घरासाठी सरकारी हमीचं कर्ज. अमेरिकन मध्यमवर्ग म्हणून जो आपण सिनेमात पाहतो, हिरवळ, गॅरेज आणि दोन गाड्यांसकट, तो बराचसा यातून उभा राहिला. इथंही चाळणी होतीच. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांत अशी तीन हजारांवर कर्जं मंजूर झाली. त्यातली काळ्या सैनिकांना किती? दोन.

तेव्हा अमेरिकेनं हात आखडता घेतला, असं मुळीच नाही. तिनं सढळ हातानं दिलं, फक्त घेणाऱ्याला आपण घेतोय हे कळू नये अशा बेतानं दिलं. २००८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या सुझान मेटलर यांनी लोकांना विचारलं, की सरकारच्या सामाजिक योजनेचा फायदा कधी घेतलाय का? सोशल सिक्युरिटीची पेन्शन खाणाऱ्यांपैकी ४४ टक्के म्हणाले, छे, कधीच नाही. मेडिकेअरवर, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, उपचार घेणाऱ्यांपैकी ४० टक्के तेच म्हणाले. घरकर्जाच्या व्याजावर करसवलत घेणाऱ्यांत तर ६० टक्के. आमच्या गल्लीतही करसवलतीला फुकटेगिरी म्हणणारा अजून भेटायचा आहे. फूड स्टॅम्पवर, म्हणजे गरिबांच्या सरकारी अन्नमदतीवर, दूध घेणाऱ्या बाईच्या ट्रॉलीत मात्र सगळे डोकावतात.

पेन्शन तर आम्ही आमच्याच पगारातून भरलेली, असं इथले म्हातारे ठासून सांगतात. व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांचा हिशोब बघा. मासिक पेन्शनचा पहिला चेक त्यांना मिळाला, १९४० च्या जानेवारीत. तीन वर्षांत त्यांनी भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. बाई शंभर वर्षं जगल्या आणि १९७५ पर्यंत २२ हजार ८८८ डॉलर घेऊन गेल्या. मला याचा आनंदच आहे. पण २४ डॉलरचे २२ हजार मेरिटनं होत नाहीत.

आता आरक्षण. ठरावीक जागांचा कोटा विद्यापीठात चालणार नाही हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच सांगितलं आणि २०२३ मध्ये प्रवेशात वंशाचा विचारही थांबवला. इथपर्यंत फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे. गंमत अशी, की २०२३ च्या त्याच खटल्यात हार्वर्डचे आकडे चव्हाट्यावर आले. आई किंवा बाप हार्वर्डचे असलेल्या अर्जदारांपैकी सुमारे ३३ टक्के आत, बाकीच्यांपैकी सुमारे ६ टक्के. या वारसा-कोट्याला कोर्टानं हातही लावला नाही.

आणि आपले लोक? सरकारी कंत्राटांत 'सामाजिकदृष्ट्या वंचित' गटांच्या छोट्या धंद्यांसाठी राखीव हिस्सा असायचा. १९८२ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांनी रीतसर अर्ज करून आपलं नाव त्या यादीत घालून घेतलं. हे फॉरवर्डमध्ये नसतं.

त्याहून मोठा कोटा तर रोज आमच्या डोक्यावर आहे. नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला एका वर्षात सात टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, असा कायदा आहे. भारताची लोकसंख्या १४० कोटी, आइसलंडची चार लाखांच्या आसपास, मर्यादा दोघांनाही तीच. ओळखीतले एक गृहस्थ दर महिन्याला व्हिसा बुलेटिन, म्हणजे ग्रीन कार्डाची रांग कुठवर आली ते सांगणारा सरकारी तक्ता, निघालं की फोनवर उघडतात. अंगठ्यानं तक्ता सरकवत बाकीच्या देशांचा रकाना ओलांडायचा, 'इंडिया'वर थांबायचं. तिथं दहा-बारा वर्षांपूर्वीची तारीख. ती एखाद्या महिन्यानं पुढे सरकली तर घरी शिरा होतो, मागे गेली तर दोन दिवस कुणी त्यांच्याशी बोलायला जात नाही. 'मेरिट बघा, जन्म कुठे झाला ते काय बघता' हे त्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे. 'अमेरिकेत फक्त मेरिट' हा मजकूर मला त्यांनीच पाठवला होता.

शेतकऱ्याच्या मुद्द्यावर तर मला हसू आवरत नाही, विशेषतः विदर्भातला कुणी तो पुढे पाठवतो तेव्हा. अमेरिकन शेतकऱ्याच्या पीकविम्याचा हप्ता निम्म्याहून जास्त सरकार भरतं. २०१८ मध्ये ट्रम्प यांनी चीनशी आयातकराचं भांडण काढलं, चीननं सोयाबीन घेणं कमी केलं, आणि २०१८-१९ च्या नुकसानीपोटी शेतकऱ्यांच्या खात्यात दोन हजार कोटी डॉलरहून जास्त थेट जमा झाले.

कापसाची गोष्ट तर याहून भारी. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना इतकं अनुदान देत होती की जगभरचे भाव पडत होते. याची झळ यवतमाळच्या शेतकऱ्यालाही बसली, त्याला कुणी नुकसानभरपाई दिली नाही. ब्राझील मात्र २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. आता शहाण्या माणसानं काय करावं? अनुदान बंद करावं. अमेरिकेनं २०१० मध्ये ब्राझीलच्या कापूसवाल्यांना वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं, म्हणजे घरच्यांचं अनुदान चालू ठेवता येईल. स्वतःच्या शेतकऱ्याला फुकट देता यावं म्हणून दुसऱ्याच्या शेतकऱ्यालाही फुकट!

आणि आपल्या आज्या ज्याच्या नावानं बोटं मोडायच्या तो साठच्या दशकातला रेशनचा लाल गहू? तोही अमेरिकन शेतकऱ्याचा, सरकारी आधारावर पिकलेला आणि घरात न खपलेला माल होता.

बुडणाऱ्यांचं थोडक्यात उरकतो. २००८ मध्ये बँका आणि मोटार कंपन्या सावरायला ७० हजार कोटी डॉलरची तरतूद झाली. कोविडच्या काळात छोट्या धंद्यांना जवळपास ८० हजार कोटी डॉलरची कर्जं दिली, त्यातली बहुतेक पुढे माफ केली. आपण याला कर्जमाफीच म्हणतो. २०२२ मध्ये विद्यार्थ्यांच्या कर्जातले दहा-वीस हजार डॉलर माफ करायचं ठरलं, तेव्हा स्वतःच्या धंद्याचं कर्ज माफ झालेले काही खासदार आळशीपणाला उत्तेजन नको म्हणून कळवळले. व्हाइट हाउसनं ट्विटरवर एकेकाचं नाव आणि माफ झालेली रक्कम टाकली. बायडन सरकारनं केलेली ही एकच गोष्ट मला मनापासून पुणेरी वाटली.

राहिला शेवटचा मुद्दा, आपली हुशार पोरं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना, त्यांनी अमेरिकन सैन्यात नोकरी केलेली असूनही, गोरे नाहीत म्हणून नागरिकत्व नाकारलं. १९४६ नंतर दार किलकिलं झालं ते वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. हुशारी तेव्हाही होतीच की! दार उघडलं १९६५ च्या कायद्यानं. मग जे इंजिनियर आले त्यांचं शिक्षण पवई, व्हीजेटीआय, पुण्याचं इंजिनियरिंग कॉलेज असं नाममात्र फीवर झालेलं, बाकी खर्च भारतीय करदात्याचा. डॉक्टर आले जे.जे. आणि बी.जे.मधून, त्यांचंही तेच. त्याच १९६५ मध्ये मेडिकेअरचा कायदा झाला, सगळ्या म्हाताऱ्यांच्या उपचाराची सोय झाली, हॉस्पिटलं भरली आणि डॉक्टर कमी पडू लागले. म्हणून परदेशी डॉक्टरांना मागणी आली. रेसिडेंट डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा मोठा खर्च तेव्हापासून आजतागायत मेडिकेअरच उचलतं. आमच्या मंडळातले निवृत्त डॉक्टरकाका फुकटेगिरीवर तावातावानं बोलतात, त्यांच्या रेसिडेन्सीच्या पगारातही तो पैसा होता.