काळी एक बाबांची, मग लेकींचं काय?

दिंडीत, सप्ताहात भजन गाणारं एखादं कुटुंब नावारूपाला आलं, सभागृहातून बोलावणी यायला लागली, की त्याचं गाणं अचानक पडतं. लोक म्हणतात, स्टेजची सवय नाही. मला ते पटत नाही. बहुतेक वेळा घोटाळा पट्टीचा, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा याचा असतो, आणि तो बाबांच्या हट्टापायी होतो.

रस्त्यावर हे खपून जातं. वास्कोच्या दामोदर सप्ताहात 24 तास भजन थांबत नाही, मडगावच्या हरिमंदिराच्या दिंडीत बैठकीभोवती माणसं दाटीवाटीने बसलेली असतात. तिथे आवाज पोचला की झालं. बाबा पेटीवर काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी, सा म्हणून धरतात, लेकी त्याच पट्टीत खाली घुसमटतात नाहीतर वर ओरडतात, आणि सहा जोड्या टाळांखाली सगळं झाकलं जातं. सभागृहात मात्र पहिल्याच अंतऱ्याला उघडं पडतं.

पुरुषाचा गळा साधारण काळी एक-दोनला मोकळा, बाईचा काळी चार-पाचला. तेव्हा जो अभंग ज्याच्या गळ्यावर, तो त्याच्या पट्टीत, एवढंच करायचं. यावर बुवांचा ठरलेला सवाल : मग मधेच तबला परत लावत बसायचा? गरज नाही. काळी एकला लावलेला तबला काळी चारच्या षड्जाचा (सा) मध्यम (म) होतो. बागेश्री, मालकंस, भैरवीच्या चालींना तो गोडच लागतो. भूप आणि यमन मात्र टाळा. भूपात मध्यम वर्ज्य, यमनात तीव्र, त्यामुळे तबल्याच्या कडेवरची प्रत्येक चाट कानाला टोचते. तशी चाल घ्यायचीच असेल तर दुसरा तबला काळी दोनला, म्हणजे पंचमाला (प), लावून शेजारी ठेवा. श्रावणातल्या दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सैल पडून सुराने उतरते, म्हणून दोन्ही तबले हॉलमध्ये नेऊन अर्धा तास तसेच राहू द्यावेत आणि मगच हातोडी उचलावी. गाडीतून काढल्या काढल्या लावलेला तबला गौळणीपर्यंत टिकत नाही.

लेक गात असताना मागच्या पुरुषांनी ध्रुवपद खालच्या सप्तकात धरावं आणि अंतऱ्याला गप्प बसावं. हे गप्प बसणं घरच्या मेळात, म्हणजे घरच्याच माणसांच्या भजनी संचात, सगळ्यांत अवघड! तेरा-चौदा वर्षांचा मुलगा असेल तर त्याचा गळा फुटत असतो. त्याला ताना घ्यायला लावू नका, वर्षभर टाळ द्या, पेटी शिकवा. व्हिडिओ चालतो म्हणून त्याच्याकडून तार षड्ज (वरचा सा) काढून घेणारे बाप बघितले की राग येतो.

माइकचं थोडक्यात. मुख्य गायकाला एक, कोरसच्या चौघांत दोन, पेटीला एक, तबल्याला दोन. माणसागणिक माइक मागू नये. जितके माइक उघडे, तितकी स्पीकरची शिट्टी लवकर. टाळ एकाच जोडीवर आणा, आणि तो माणूस कोरसच्या माइकच्या पाठीमागच्या बाजूला बसवा. रस्त्यावर गाणाऱ्यांना माइक गिळायची खोड असते, तर तोंडापासून चार बोटं अंतर ठेवा. मॉनिटरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, पेटी आणि स्वतःचा आवाज एवढंच मागा. स्वतःचं ऐकू आलं नाही की प्रत्येकजण शेजाऱ्यावर चढतो.

आता थोडं आयोजकांविषयी. गोव्याच्या कला अकादमीची मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धा म्हणजे इथल्या मेळांना ओळख मिळण्याची मोठी वाट. तिचं मोल कोणी नाकारत नाही. पण तिथे पुरुष, महिला आणि बाल असे गट वेगळे. म्हणजे वर्षानुवर्षं एका चटईवर बसून गाणारं घर स्पर्धेच्या दारात तीन ठिकाणी वाटलं जातं. बाबा एकीकडे, लेकी दुसरीकडे, नातू तिसरीकडे, आणि प्रत्येक ठिकाणी उरलेली माणसं बाहेरून गोळा करायची. घरच्या मेळांसाठी मिश्र गट हवा. आणि त्यात दोन पट्ट्यांत गायला, अभंगामागे तबला बदलायला वेळ धरूनच मिनिटं ठरवावीत.