मनातले मोठ्याने बोला

गेल्या आठवड्यात, जेवणानंतर दोन तासांनी माझी साखर १४० भरल्याबद्दल, ताबडतोब ९९९ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी असा हुकूम मला झाला. मधुमेह असलेल्या माणसाने १४० हा आकडा चौकटीत घालून भिंतीवर लावावा, कारण जेवणानंतर १८०च्या आत राहिलो तरी डॉक्टर पाठ थोपटतात. परंतु हुकूम देणारे साधन विलायतेत घडलेले होते, आणि रुग्णाने आपला आजार ऑनलाइन आपणच सांभाळावा यासाठी केलेले ते साधन वापरायला सोपे आहे की नाही, हे ठरवण्यासाठी मालवणजवळच्या आमच्या वाडीतून माझी निवड झाली होती.

मुंबईहून आलेला मुलगा सभ्य होता. त्याने पडवीत लॅपटॉप मांडला, माझ्या हाती टॅब्लेट दिला, माझी माहिती गोपनीय राहील अशा अर्थाच्या कागदावर सही घेतली आणि सांगितले की परीक्षा तुमची नाही, साधनाची आहे. तुम्ही फक्त मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे. ही या कामातली मान्य पद्धत आहे, आणि चाचणी घेणाऱ्याने मदत करायची नाही हा तिचाच पोटनियम आहे. मी "हे बटण कशाचे?" म्हणून विचारले की तो नम्रपणे म्हणे, "तुम्हाला काय वाटतं, सर?" वर्गात हा प्रश्न नोकरीभर मीच विचारत आलो असल्यामुळे त्यात किती दुष्टपणा भरलेला असतो, हे मला कोणी सांगायला नको.

एवढ्यात गडगा ओलांडून शेजारचे तात्या आले. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले असले तरी त्यांचा आवाज अजून सेवेतच आहे. मनात येईल ते मोठ्याने बोलायचे, एवढे त्यांनी पायरीवरून ऐकले आणि खुर्ची ओढून तेच बोलू लागले.

मी सकाळच्या न्याहारीची नोंद करत होतो. यादीत उकड्या तांदळाची पेज नव्हती, घावणेही नव्हते. जवळचा पदार्थ म्हणून मी नाइलाजाने पॅनकेक निवडला, तेव्हा सोबत मेपल सिरप किती चमचे घेतले, असे साधनाने विचारले.

"मेपल म्हणजे काकवी मा?" तात्या म्हणाले. "मगे दोन चमचे लिवा."

"तात्या, मी चटणीशी खाल्ले."

"चटणी खंय विचारल्यान? जा विचारल्यान ता सांगा. आणि ही अक्षरां बघा! आमच्या तिकिटावरची अक्षरां ह्येच्यापेक्षा मोठी आसत."

मुलगा भराभर टिपून घेत होता. माझ्या बोलण्याच्या वेळी त्याची बोटे इतकी चपळ नव्हती, हे मी पाहून ठेवले.

त्यानंतर साखरेचा रकाना आला. भारतात आपण रक्तातली साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतो, विलायतेत मिलिमोल प्रति लिटरमध्ये, आणि पहिल्याला १८ने भागले की दुसरे मिळते. म्हणजे माझे १४० तिकडे पावणेआठच्या आसपास भरतात. एकक बदलायची सोय साधनात होती, पण ती सेटिंगच्या तिसऱ्या पानावर, फिकट राखाडी अक्षरांत. मी १४० लिहिले आणि साधनाने ते २,५२० समजून घेतले. २,५२० साखर असलेला माणूस पडवीत बसून घावण्यांचा हिशेब लिहीत नसतो, एवढा पोच त्याला असायला हरकत नव्हती. पडदा लालभडक झाला, आणि तात्यांनी तो मजकूर शेवटच्या थांब्यापर्यंत पोहोचेल अशा आवाजात वाचला.

"गो ऐकलंस? मास्तरांची साखर वाढली! गाडी हाडूक सांगतत!"

मी मुलाकडे पाहिले. तो म्हणाला, "सर, इथे तुम्हाला काय अपेक्षित होतं?"

मला १०८ अपेक्षित होते, निदान आपल्या देशातला क्रमांक. संध्याकाळपर्यंत घरात कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण आणि सांत्वनाला आलेली माणसे यांची रीघ लागली. याकोब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने पाच जणांवर चाचणी केली की बहुतेक दोष सापडतात असे २००० साली मांडले, आणि ते खरेही असेल. पण त्या पाचांपैकी एकाच्या दारात कारल्याचे पेले जमतात, हे त्या हिशेबात कुठे धरलेले नाही. एकक आधीच विचारायला कोणत्याही तज्ज्ञाची गरज नव्हती. मुळात भाषांतर करून घेतले की साधन मराठी झाले, अशी समजूत करून घेणाऱ्यांचा मला खरोखर राग आहे.

शेवटी दहा विधानांची प्रश्नावली होती, जॉन ब्रुक यांनी १९८६ साली तयार केलेली. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण द्यायचे.

"पोरगो मुंबयसून इलो," तात्या म्हणाले, "सगळीकडे पाच लिवा."

तिच्यात एक विधान स्तुतीचे आणि पुढचे निंदेचे अशी रचना असते. त्यामुळे सगळीकडे पाच दिले की एकूण शंभरपैकी बरोबर ५० भरतात, आणि सरासरी साधनालाही ६८च्या आसपास मिळतात. पोराचे भले करायला निघालेल्या तात्यांना मी हे समजावून सांगितले नाही; पाच लिहिले आणि टॅब्लेट परत केला.

परवा त्या मुलाचा फोन आला. पुढच्या फेरीसाठी मनमोकळे बोलणारे सहभागी हवे होते, म्हणून त्याने माझ्याकडून तात्यांचा नंबर घेतला. तात्या आता रोज सकाळी माझे ग्लुकोमीटर मागायला येतात, पट्ट्याही माझ्याच वापरतात, आणि आकडा किती आला म्हणून विचारले तर सांगत नाहीत. तो गोपनीय आहे, कागदावर सही झाली आहे, म्हणतात.